मुलगा तिशीचा, दाखला वडिलांच्या उत्पन्नाचा: सज्ञान दिव्यांगांच्या मदतीचं गणित नेमकं कुठे अडतं?

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी असलेलं एक घर डोळ्यांसमोर आणा. घर काल्पनिक आहे, पण अशी घरं प्रत्येक तालुक्यात सापडतील. वडील ६३ वर्षांचे, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ईपीएफओचं पेन्शन महिन्याला २,२०० रुपये. तेवढ्यात भागत नाही म्हणून एका गोदामावर रात्रपाळीची रखवालदारी करतात, तिचे ८ हजार मिळतात. आई घरीच असते, कारण ३१ वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं हे सगळं तिच्याकडे. मुलाच्या प्रमाणपत्रावर ८५ टक्के दिव्यांगत्व लिहिलेलं आहे.

या मुलाचं मतदार यादीत नाव आहे, स्वतःचं आधार कार्ड आहे, बँकेत खातं आहे. त्याच्या नावावर एक रुपयाचंही उत्पन्न नाही. तरीही संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा त्याचा अर्ज तहसील कार्यालयातून परत येतो. अर्जाला जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर १ लाख २२ हजार ४०० रुपये हा आकडा आहे. उत्पन्न वडिलांचं आहे, पण दाखला 'कुटुंबा'चा आहे.

अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस कायद्याने सज्ञान होतो. मदत मागायला गेला, की मात्र तो पुन्हा कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी होतो.

किती पैसे मिळतात आणि कुणाला?

महाराष्ट्रात सज्ञान दिव्यांगांना दरमहा पैसे देणारी मुख्य योजना म्हणजे १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. निराधार, विधवा, परित्यक्ता, गंभीर आजाराचे रुग्ण यांच्याबरोबर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले ६५ वर्षांखालील लोक तिच्यात बसतात. त्यानंतर श्रावणबाळ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना लागू होते. तिच्यातला केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे, आणि तो २०१२ पासून ३०० रुपयेच आहे. वरची रक्कम राज्य घालतं.

राज्याने २०१९ मध्ये ही रक्कम ६०० वरून १ हजार केली, २०२३ मध्ये दीड हजार. जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं. शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिन्याला ६ हजार रुपये द्या, ही त्यांची मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांपुरती रक्कम दीड हजारावरून अडीच हजार केली.

हजार रुपयांची वाढ लहान नाही. तिच्या बातम्या झाल्या, अभिनंदनाचे फलक लागले. पण या सगळ्या चर्चेत रक्कम होती, रांगेत कुणाला उभं राहता येतं हा प्रश्न नव्हता. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. इतर गटांसाठी ती २१ हजार आहे, म्हणजे कागदावर ही सवलतच.

५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. त्या दराने वडिलांनी वर्षात १६० दिवस काम केलं तर ४९,९२० रुपये होतात. १६१व्या दिवशी कामावर गेले, की घरातला दिव्यांग मुलगा अपात्र. वर्षात १६१ दिवस मजुरी मिळणारं कुटुंब 'सुस्थितीतलं' ठरवणारी ही मर्यादा आहे.

आता दुसऱ्या योजनेशी तुलना करा. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. म्हणजे एकाच सरकारने एकाच गावात गरिबीच्या दोन व्याख्या मान्य केल्या. वर्षाला दोन लाख कमावणाऱ्या घरातल्या धडधाकट महिलेला मदतीची गरज आहे, हे मान्य. त्याच घरात अंथरुणाला खिळलेला सज्ञान मुलगा असेल तर त्याला मात्र गरज नाही.

मुलगी दिव्यांग असेल तर? तिचं वय २१ ते ६५ मध्ये असेल, तर ती लाडकी बहीण योजनेत बसू शकते. तिथेही अविवाहित मुलगी आई-वडिलांच्या 'कुटुंबा'तच मोजली जाते आणि अशा एकाच अविवाहित महिलेला लाभ मिळतो. तरीही दारिद्र्यरेषेच्या थोडं वर असलेल्या घरातल्या दिव्यांग मुलीला आज दिव्यांग म्हणून काही मिळत नाही, पण महिला म्हणून दीड हजार मिळू शकतात. तिच्या भावाला तेही नाहीत.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेबद्दल आहे. त्यात एक वाक्य फार स्पष्ट आहे: दिव्यांगांसाठीच्या योजनांमधली मदत ही इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. कारण उघड आहे. दिव्यांगत्व असलेल्या माणसाला तेवढंच जगायला जास्त खर्च येतो. डायपर, फिजिओथेरपी, रिक्षा, फिट्सच्या गोळ्या, हे सगळं इतरांच्या घरखर्चात नसतं.

२०२३ ते २०२५ या काळात संजय गांधी योजनेत विधवा महिलेला दीड हजार आणि दिव्यांगाला दीड हजार असा एकच दर होता. कायदा लागू होऊन तेव्हा सहा वर्षं उलटली होती. अडीच हजारांच्या निर्णयाने हा फरक आता भरून निघाला, २५ टक्क्यांच्या बराच पुढे गेला. मात्र कलम २४ मध्ये आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची चर्चा क्वचितच होते. सेवायोजन कार्यालयात दोन वर्षांहून अधिक काळ नाव नोंदवूनही काम न मिळालेल्या दिव्यांगाला बेकारी भत्ता, ही एक. आणि ज्यांना सतत दुसऱ्याच्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता, ही दुसरी. हे दोन्ही 'योजना करताना यांची तरतूद असावी' या यादीत आहेत, आणि यादीच्या आधी 'सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द आहेत. त्या शब्दांच्या आडोशाने बरंच काही राहून जातं.

त्याच कलमात निवृत्तीवेतनासाठी उत्पन्न मर्यादा ठरवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. उत्पन्न कुणाचं, हे कलम सांगत नाही. त्यामुळे वडिलांचं उत्पन्न मोजणं ही कायद्याने घातलेली सक्ती नाही. तो योजनेच्या नियमांचा भाग आहे, आणि नियम शासन निर्णयाने बदलता येतात.

मग आई-वडिलांचं उत्पन्न का मोजलं जातं?

याची मुळं पोटगीच्या कायद्यात आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, सांगतं की शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला तो सज्ञान झाल्यावरही पोसण्याची जबाबदारी पालकांची आहे. सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी अठराव्या वर्षी संपते. दिव्यांग मुलाच्या बाबतीत तिला शेवटच नाही. सरकारची भूमिका त्यावरच उभी आहे: पोसणारं कुणी असेल तर माणूस 'निराधार' कसा? योजनेच्या नावातच तो शब्द आहे.

या युक्तिवादात तथ्य नाही असं नाही. पैसे मर्यादित आहेत, आणि मुंबईत तीन फ्लॅट असलेल्या घरातल्या मुलाला आणि भूमिहीन शेतमजुराच्या मुलाला एकाच रांगेत उभं करावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण मर्यादा ५० हजारांवर असताना रांगेतून बाहेर पडतो तो फ्लॅटवाला नाही, रखवालदार आहे. फ्लॅटवाला तहसील कार्यालयात गेलेलाच नसतो.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. असंघटित क्षेत्रातलं उत्पन्न मोजायचं कसं, याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नाही. तलाठ्याची चौकशी, स्वयंघोषणा, शेतीचा सातबारा यांवरून आकडा ठरतो. वडिलांना पगाराची पावती असेल किंवा पेन्शन बँकेत जमा होत असेल तर ते लपत नाही. ज्यांचं उत्पन्न रोखीतलं आहे त्यांच्या दाखल्यावर हवा तो आकडा येऊ शकतो. म्हणजे नियम गरिबाला नाही, कागद असलेल्याला गाळतो.

एकाच अर्जाच्या मागे किती दारं आहेत तेही बघा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आरोग्य यंत्रणेचं, युडीआयडी कार्ड केंद्राच्या पोर्टलवरून, उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याचा, अनुदान सामाजिक न्याय विभागाचं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. तरी वर उल्लेखलेली मुख्य योजना सामाजिक न्याय विभागाकडेच चालते.

इतर ठिकाणी काय होतं?

आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून दिव्यांगांचं पेन्शन ६ हजार रुपये आहे आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी १५ हजार. तेलंगणात २०२३ पासून ४,०१६ रुपये. बच्चू कडू यांच्या ६ हजारांच्या मागणीकडे पाहताना शेजारचा हा दर लक्षात ठेवावा लागतो. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची वेगळीच योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला तिच्यातून महिन्याला ६०० रुपये मिळतात. रक्कम किरकोळ आहे, पण काळजी घेणं हे काम आहे आणि त्याची किंमत असते, एवढं तरी तिने मान्य केलं.

अमेरिकेत गरीब दिव्यांगांसाठी 'एसएसआय' ही योजना आहे. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांच्या उत्पन्नाचा काही भाग त्याचाच धरला जातो. अठराव्या वर्षी हे थांबतं, त्यानंतर फक्त त्या व्यक्तीचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहतात. पण तिथेही पालकांच्या घरात राहण्याची किंमत मोजावी लागतेच. २०२५ मध्ये महिन्याची कमाल रक्कम ९६७ डॉलर होती. भाडं किंवा घरखर्चातला आपला वाटा न देता पालकांकडे राहिलं, तर त्यातून एक तृतीयांशापर्यंत कपात होऊ शकते. म्हणून तिथले पालक आपल्याच सज्ञान मुलाशी भाडेकरार करतात. मुलगा एसएसआयमधून आई-वडिलांना भाडं देतो, त्याची नोंद राहते आणि कपात टळते. मराठी घरात हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामागचं तत्त्व साधं आहे: मुलाचे पैसे मुलाचे, घर आई-वडिलांचं.

जर्मनीने २०२० पासून प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. सज्ञान मुलाला मदत देताना पालकांचं वार्षिक उत्पन्न १ लाख युरोंहून अधिक असेल तरच त्यांच्याकडे हात पसरायचा, नाहीतर विचारायचंच नाही. म्हणजे श्रीमंतांना वगळण्याची सोय राहिली आणि सामान्य घरांना दाखल्यांच्या फेऱ्यांतून मोकळं केलं. महाराष्ट्राला यातून घेण्यासारखं असेल तर ते युरोंचा आकडा नाही, मर्यादा कुठल्या टोकाला लावायची हा विचार आहे.

प्राप्तिकरातली सवलत कुणाच्या कामाची?

१९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०डीडीनुसार दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाला करपात्र उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, प्रमाणपत्र पुरतं. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह २६ हजार रुपये कर त्यातून वाचतो. मात्र ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नवीन प्रणाली निवडली की ती नाही.

आता संजय गांधी योजना आणि ही वजावट शेजारी ठेवा. खाली ५० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना अनुदान. वर कर भरणाऱ्यांना करसवलत. मध्ये ५१ हजारांपासून ते पाच-सात लाखांपर्यंत कमावणारी घरं: रखवालदार, रिक्षाचालक, अंगणवाडी सेविका, छोटा दुकानदार, पतसंस्थेतला कारकून. ते अनुदानासाठी फार श्रीमंत आहेत आणि करसवलतीसाठी फार गरीब. महाराष्ट्रातली बहुसंख्य घरं याच पट्ट्यात असावीत.

याच कलमाची एक कहाणी पालकांच्या मनातली भीती नीट दाखवते. ८०डीडीमध्ये एलआयसीसारख्या संस्थेच्या योजनेत पैसे गुंतवून मुलासाठी वर्षासन घेता येतं. अट अशी होती की ते वर्षासन पालकाच्या मृत्यूनंतरच सुरू होईल. एका पालकाने सर्वोच्च न्यायालयात विचारलं: वडील ऐंशीचे आणि मुलगा पन्नाशीचा झाला, वडिलांचं उत्पन्न थांबलं, तरी पैसे हवे असतील तर वडिलांनी मरायचं का? जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली नाही, पण या तक्रारीत दम असल्याने सरकारने फेरविचार करावा असं सुचवलं. २०२२च्या अर्थसंकल्पात कायदा बदलला. आता पालक साठ वर्षांचे झाल्यावर आणि हप्ते भरणं थांबल्यावर त्यांच्या हयातीतही मुलाला पैसे मिळू शकतात.

'आमच्यानंतर काय?'

दिव्यांग मुलांच्या पालकांना आजच्या खर्चापेक्षा हा प्रश्न जास्त छळतो. त्याचं उत्तर मुख्यतः वडील किंवा आई कुठे नोकरीला होते, यावर ठरतं.

केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनमधल्या कर्मचाऱ्याचं मूल दिव्यांगत्वामुळे कमावू शकत नसेल, तर त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. २५ वर्षांची अट त्याला नाही. राज्य सरकारच्या जुन्या पेन्शनमध्येही अशी तरतूद आहे. केंद्रात पूर्वी मुलाचं स्वतःचं उत्पन्न ९ हजार रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असण्याची अट होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सैल झाली. आता मुलाचं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तीवेतनापेक्षा, म्हणजे पालकाच्या अखेरच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरच्या महागाई वाढीपेक्षा, कमी असलं की पुरे. इथे मुलाचंच उत्पन्न पाहिलं जातं. सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जे मान्य करतं, ते बाकीच्यांसाठी का नाही, हा प्रश्न इथे पडतोच.

यात अडतं ते कागदांपाशी. पेन्शन आपोआप मुलाकडे जाईल असं समजून अनेक पालक स्वस्थ बसतात. मुलाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात नोंदवलेलं असणं, वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि बौद्धिक अक्षमता असल्यास पालकत्वाची व्यवस्था हे सगळं पालक हयात असताना झालं तर काम सोपं जातं. मागे राहिलेल्या भावाला किंवा काकाला हे उभं करायला महिनोन्महिने लागू शकतात.

खासगी क्षेत्रातल्यांसाठी ईपीएस-९५ योजनेत पूर्णपणे आणि कायमचं दिव्यांग असलेल्या मुलाला वयाची अट न लावता आयुष्यभर पेन्शन आहे. फार कमी लोकांना हे ठाऊक असतं. रक्कम मात्र बघा. सुरुवातीच्या घरातल्या वडिलांचं पेन्शन २,२०० रुपये. ते गेल्यावर आईला त्याच्या निम्मे, म्हणजे १,१०० रुपये, आणि मुलाला आईच्या रकमेच्या २५ टक्के, २७५ रुपये. आईही गेल्यावर मुलाला अनाथ पेन्शन म्हणून विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, ८२५ रुपये.

आणि केंद्राच्या एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत, म्हणजे यूपीएसमध्ये, निवृत्तीनंतर कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर ६० टक्के रक्कम त्याच्या कायदेशीर जोडीदाराला मिळते. दिव्यांग मुलापर्यंत ती पोहोचत नाही. जुन्या पेन्शनच्या वादात टक्के आणि महागाई भत्ता यांवर रान उठलं, पण ज्यांच्या घरात दिव्यांग मूल आहे त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं नुकसान या एका ओळीत आहे.

सही कुणाची चालणार?

पैसे आले तरी ते काढायचे कुणी? अठरा वर्षांनंतर आई-वडील कायद्याने मुलाचे पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सोपा मार्ग आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येतं, कोर्टात जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँकांनी हे प्रमाणपत्र मान्य करायचं असतं.

ज्यांना स्किझोफ्रेनियासारखा दीर्घ मानसिक आजार आहे ते या चार गटांत येत नाहीत. त्यांच्यासाठी २०१६च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे, पण तो मार्ग जिल्हा न्यायालय किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडून जातो. मालमत्तेचा प्रश्न असेल तर घरच्यांना उच्च न्यायालयाचा दरवाजाही ठोठवावा लागला आहे.

आणि सगळ्यांनाच पालकत्व लागतं असंही नाही. फक्त शारीरिक दिव्यांगत्व असलेला माणूस आपले निर्णय स्वतः घेऊ शकतो, अंगठा किंवा सही करू शकतो. 'सोयीसाठी' म्हणून त्याचं खातं भावाच्या ताब्यात देणं ही त्याच्या हक्काची गोष्ट त्याच्याकडून काढून घेणं आहे. अनुदानाचे अडीच हजार घरात येतात आणि ज्याच्या नावाने येतात त्याला त्यातले पन्नास रुपयेही मागून घ्यावे लागतात, हेही याच विषयाचं एक अंग आहे. पालकांवर अन्याय होतो म्हणून त्याकडे काणाडोळा करून चालणार नाही.

आज हाताशी काय आहे?

राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना वरच्या चार गटांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, आणि त्यात थेरपी व बाह्यरुग्ण उपचारांचाही काही खर्च येतो. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांनाही ती घेता येते, फक्त शुल्क थोडं जास्त आहे. उत्पन्नामुळे दार बंद होत नाही अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

दुसरा मार्ग ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मुंबई महापालिकेने त्याच वाटेने युडीआयडी कार्डाच्या रंगानुसार अर्थसाहाय्य सुरू केलं. पिवळं कार्ड म्हणजे ४० ते ८० टक्क्यांपर्यंतचं, निळं म्हणजे ८० टक्के आणि त्यावरचं. पण ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ते किती? मुंबईतल्या निळ्या कार्डाचं आणि मराठवाड्यातल्या निळ्या कार्डाचं मोल सारखं नाही. ग्रामसभेत या ५ टक्क्यांचा हिशेब मागता येतो, आणि काही गावांत तो मागितला की मगच खर्च होतो.

धोरण बदलायचं असेल तर मोठा पैसाच लागेल असं नाही. ८० टक्क्यांवरच्या दिव्यांगांसाठी पालकांचं उत्पन्न न मोजणं, किंवा निदान मर्यादा लाडकी बहीण योजनेइतकी अडीच लाखांवर नेणं, हे शासन निर्णयाच्या पातळीवरचे बदल आहेत. खर्च किती वाढेल हे सांगायला मात्र विश्वासार्ह आकडेच नाहीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, तेही २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्याच्या आधी. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे.

तोपर्यंत त्या घरात काय होईल याचा अंदाज आजच्या नियमांवरून करता येतो. वडिलांना आणखी दोन-चार वर्षं रात्रपाळी झेपेल, मग गुडघे किंवा डोळे साथ सोडतील आणि रखवालदारी सुटेल. ८ हजार थांबले की वर्षाचं उत्पन्न २६,४०० रुपयांवर येईल. तलाठी नवा दाखला देईल, तहसील कार्यालयात अर्ज पुन्हा जाईल आणि या वेळी तो मंजूर होईल. ८ हजारांच्या जागी अडीच हजार येतील. तोवर मुलगा ३५ वर्षांचा झालेला असेल, आणि त्याला उचलून अंघोळीला नेणारी आई साठीची.